उजेडाची बाजू : चर्चची खिडकी आणि दुकानाची शोकेस

परभणीहून देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसने मुंबई गाठणारा प्रवासी ज्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो, त्या १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीच्या मुख्य घुमटाखाली रंगीत काचांच्या खिडक्या आहेत. आणि स्थानकाबाहेर पडून दादाभाई नौरोजी मार्गाला लागले की कमानींच्या सावलीत दुकानांच्या दर्शनी काचांची ओळ सुरू होते. पहिल्या प्रकारची काच युरोपातील चर्चच्या बांधणीतून आली आणि दुसरी व्यापारातून, तरी या दोन्ही ठिकाणी माणसाला क्षणभर थांबवण्याचे काम उजेडच करतो, आणि म्हणून दोहोंचा विचार एकत्र करणे उचित ठरते.

काचेच्या दोन बाजूंपैकी ज्या बाजूला उजेड अधिक असतो तिकडचे दृश्य पलीकडच्या माणसाला स्पष्ट दिसते, तर उजेडातच उभ्या असलेल्या माणसाला तीच काच आरशासारखी भासते व त्यात त्याला स्वतःचीच बाजू दिसू लागते. चर्चमधील चित्रकाच, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जोडून केलेले चित्र, दिवसा आत बसलेल्या माणसासाठी घडवलेली असते. रस्त्यावरून भर दुपारी तिच्याकडे पाहिले तर काळपट पत्र्यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. दुकानाच्या शोकेसचे गणित नेमके उलटे असते, कारण तिचा प्रेक्षक बाहेर असतो आणि तिची खरी वेळ दिवेलागणीनंतरची असते.

चित्रकाचेचा रंग वरून लावलेला नसतो, तर काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची संयुगे मिसळून तो आणला जातो. कोबाल्टमुळे निळा, मँगनीजमुळे जांभळा, तांब्यामुळे प्रक्रियेनुसार हिरवा किंवा लाल, तर सोन्याच्या अत्यल्प अंशामुळे गुलाबी-माणकी रंग येतो. तांब्याची लाल काच जाड असली तर तिच्यातून उजेड जवळजवळ पार होतच नाही, म्हणून जुने कारागीर बिनरंगी काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवत असत. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीस चांदीचे संयुग लावून काच भाजण्याची रीत युरोपात रुळली आणि त्यामुळे एकाच तुकड्यावर पिवळे केस व पांढरा चेहरा दाखवणे शक्य झाले. चेहरा, बोटे, वस्त्राच्या चुण्या यांच्या रेषा लोखंडाच्या भुकटीपासून केलेल्या काळ्या-तपकिरी रंगाने काढून तुकडा पुन्हा भट्टीत घालतात. मग सगळे तुकडे शिशाच्या खाचदार पट्ट्यांत बसवले जातात, पट्ट्यांच्या जोडांना डाख दिला जातो आणि फटींत लुकण भरले जाते. ही शिशाची काळी रेघ सामान्य प्रेक्षकाला अडथळा वाटण्याचा संभव असला, तरी चित्राचा कणा तीच असते, कारण तिच्यामुळे शेजारचे दोन प्रखर रंग एकमेकांत सांडत नाहीत, आणि कुशल कलावंत ती रेघ नेमकी बाहीच्या किंवा पंखाच्या कडेवरून नेतो.

महाराष्ट्रात ही कला पाहायची तर मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चपासून आरंभ करावा. पहिल्या अफगाण युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या आणि १८५८ मध्ये अभिषेक झालेल्या या चर्चच्या पूर्व व पश्चिम भिंतींतील खिडक्या इंग्लंडमधील विल्यम वेल्स यांच्या कारखान्यात घडल्या. चर्चची वेदी परंपरेने पूर्वेकडे असते, त्यामुळे सकाळच्या प्रार्थनेला वेदीमागची काच पेटून उठते आणि सायंकाळी पश्चिमेची. चित्रकाच केवळ धर्माच्याच कामी आली असे मात्र नाही; ज्या वास्तुशिल्पकाराने भारतात कधी पाऊलही टाकले नाही त्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यावरून १८७८ मध्ये उभ्या राहिलेल्या राजाबाई टॉवरलगतच्या विद्यापीठ ग्रंथालयात ती विद्येच्या सेवेला लागलेली दिसते. तेथील काचा दीर्घ काळ धूळ, धूर आणि खारी हवा सोसत होत्या. २०१५ मध्ये पूर्ण झालेल्या जतनकामात स्वाती चांदगडकर यांनी या काचांचे पुनरुज्जीवन केले. अशा कामात खिडकी उतरवून तुकड्यांची नोंद केली जाते आणि मळ हटवून जिथे शिसे थकले असेल तिथे नवी पट्टी घातली जाते. हे काम डोळ्यांत भरत नाही, पण मूळ कलावंताइतकाच मान जतन करणाऱ्या हातांनाही मिळायला हवा.

उजेडाला दिशा देऊन श्रद्धास्थान उजळण्याची कल्पना मराठवाड्याला परकी नव्हती. अजिंठ्यातील ९, १०, १९ आणि २६ या क्रमांकांची लेणी म्हणजे चैत्यगृहे, अर्थात स्तूपाच्या उपासनेसाठी कोरलेली दालने, आणि त्यांच्या दर्शनी भागावरची नालेच्या आकाराची मोठी खिडकी आतल्या स्तूपाकडे उजेड नेते. वेरूळच्या दहाव्या लेण्याचे तोंड पश्चिमेकडे असल्याने तिसऱ्या प्रहरी कललेले ऊन सज्जामागच्या खिडकीतून आत शिरते आणि स्तूपासमोर बसलेल्या बुद्धमूर्तीपर्यंत पोहोचू पाहते. तेथे काच नाही, रंग नाही, तरीही दालनातील अंधार राखून एकाच जागी उजेड सोडण्याचा संयम तोच आहे. गोव्यातील जुन्या घरांत व चर्चमध्ये काचेऐवजी शिंपल्याचे चपटे, दुधी तुकडे लाकडी चौकटींत बसवत असत, त्यांतून येणारा उजेड मंद आणि डोळ्यांना सुखावणारा असतो.

दुकानाची दर्शनी काच ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे, कारण तिला सपाट आणि मोठ्या आकाराची स्वस्त काच लागते, व ती एकोणिसाव्या शतकातील कारखान्यांनी उपलब्ध करून दिली. शिकागोत १८९७ मध्ये शोकेस सजवण्याच्या विद्येला वाहिलेले मासिक निघाले. त्याचे संपादक फ्रँक बॉम हेच पुढे १९०० मध्ये प्रसिद्ध झालेली ओझच्या जादूगाराची बालकथा लिहिणार होते, आणि एकाच मनाला दोन्ही सुचावे यात नवल वाटण्यासारखे काही नाही. लंडनमध्ये १९०९ साली उघडलेल्या सेल्फ्रिजेसने दुकान बंद झाल्यावरही काचेमागचे दिवे चालू ठेवले. भारतात त्याच सुमारास, १९०६ मध्ये, स्वदेशी चळवळीतून मुंबईत बॉम्बे स्वदेशी स्टोअर्स निघाले आणि देशी वस्तूंच्या मांडणीला राजकीय अर्थही लाभला.

परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर येथील जुन्या कापडदुकानांना अशी काच नव्हती. गिऱ्हाईक गादीवर टेकत असे आणि दुकानदार ठाण उलगडत, साडीची घडी मोडत, पदर हातावर पसरून दाखवत असे. प्रदर्शन त्या उलगडण्यातच होते. आता लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी बाजारपेठेतल्या काचांमागे शालू नेसवलेले पुतळे उभे राहतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी त्या काचेत समोरचा रस्ता आणि रिक्षाच अधिक दिसतात, शिवाय उन्हाने कापडाचा रंग उडतो, म्हणून पडदा ओढावा लागतो. या शोकेसचे मोठे वैगुण्य दाटीत आहे. पाच पुतळ्यांच्या जागी दहा उभे केले तर माल दिसतो, पण नजर कोठेच ठरत नाही; एकच पैठणी, मागे गडद पडदा आणि वरून तिरका पडलेला एक दिवा एवढ्यावर काठाची जर जशी बोलते तशी ती गर्दीत बोलू शकत नाही. याउलट जूनमध्ये कृषी सेवा केंद्रांच्या दारात कपाशीच्या आणि तुरीच्या चित्रांची बियाण्यांची पाकिटे माळेसारखी टांगलेली दिसतात, तिथे कोणी सजावटीचा विचार केलेला नसतो, तरी पेरणीच्या तोंडावर आलेल्या शेतकऱ्याला त्या चित्रांतले भरलेले बोंड जे सांगते ते इतर कोणत्याही मांडणीने साधणार नाही.

चित्रकाचेच्या सर्वांत जवळ जाणारे दुकान मात्र बांगड्यांचे आहे. फिरोजाबादहून आलेल्या काचेच्या बांगड्या कासाराच्या दुकानात रंगवारीने दांडीवर ओवून ठेवलेल्या असतात, आणि त्यांच्यामागे दिवा असला की हिरव्या चुड्यातून, निळ्या-जांभळ्या जोडांतून उजेड पार होऊन समोरच्या फळीवर रंगीत कवडसे पडतात. येथेही रंग वितळलेल्या काचेतच धातूंच्या संयुगांनी आणलेला असतो, आणि निळ्यासाठी आजही कोबाल्ट वापरला जातो. दुकानदाराने दिवा बांगड्यांच्या समोरून काढून मागे नेला, इतकाच बदल केला तरी सगळी फळी उजळते. वेल्स यांच्या कारखान्यातील कारागिरालाही तयार काच उजेडासमोर उभी करूनच तिची पारख करावी लागत असे.