चौविहार असूनही सकाळी साखर का वाढते?

अमरावती-अकोल्याच्या व्यापारी घरांत मधुमेह आता परका राहिलेला नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून चौविहार करणारे गृहस्थ पहाटे रक्त तपासतात, साखर १६० निघते आणि ते चकित होतात. बारा तास मुखात कण नाही; मग ही साखर आली कोठून?

ती यकृतातून येते. संपूर्ण रक्तात साखर जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे एक चमचा. मेंदूला मात्र ती अहोरात्र हवी. म्हणून यकृत सुमारे १०० ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवते. हे कोठार भरण्याची आज्ञा इन्सुलिनची, उघडण्याची ग्लुकागॉनची. दोन्ही संप्रेरके स्वादुपिंडातलीच. पहाटे कॉर्टिसॉल व वाढीचे संप्रेरकही साखर चढवू लागतात. निरोगी देहात इन्सुलिन त्यांना आवरते, मधुमेह्याच्या देहात ते अपुरे पडते.

सडपातळ बांध्याचाही भरवसा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के! अशा चरबीने, विशेषतः पोटातल्या, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो.

खरी कसोटी पर्युषणात. निरोगी तपस्व्याने अठ्ठाई केली की इन्सुलिन आपोआप उतरते. साधारण एका दिवसात कोठार रिते होते. मग यकृत नवी साखर घडविते, चरबीपासून कीटोन बनविते आणि मेंदूही हळूहळू त्यावर चालू लागतो. परंतु ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपवास ओळखत नाही. ती इन्सुलिन स्रवायला लावतच राहते. साखर ७०च्या खाली गेली की ॲड्रेनॅलिन घाम, कंप, धडधड यांनी इशारा देते. घरचे त्याला तपाचा थकवा समजून रुग्णाला निजवतात, आणि तेथेच घात होतो. उलट, भीतीपोटी टाइप १च्या रुग्णाने इन्सुलिन पूर्ण थांबविले तर कीटोन बेसुमार वाढून प्राणावर बेतते.

इन्सुलिन प्राणिज असते, ही शंका जुन्या काळाची. पूर्वी ते गुरे व डुकरांच्या स्वादुपिंडातून काढीत. १९८२ मध्ये जिवाणूंकडून घडविलेले मानवी इन्सुलिन आले.

तेव्हा औषधाची मात्रा व वेळ डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी. जेवणासोबतचे इन्सुलिन सहाच्या जेवणालाच हवे, रात्री नऊला नव्हे. आणि साखर खरोखर घसरली, तर तीन चमचे साखरेचे पाणी तत्काळ द्यावे. उपवासाच्या पच्चक्खाणात सर्वसमाधीचा आगार अशाच प्रसंगासाठी ठेवलेला आहे.