समुद्री पाखरांची नावनिशी

सतवास हा देवास जिल्ह्याचा नर्मदेकडे उतरणारा मुलूख. समुद्र इथून फार लांब. तरीही फौजेच्या तुकड्यांना नावं कशी पडतात हा विषय निघाला की मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी चितू पेंढाऱ्याचा मुक्काम नेमावरला असे, नाहीतर सतवासला. पेंढाऱ्यांच्या टोळीला दुर्रा म्हणत, आणि सगळ्या दुर्ऱ्यांची मोठी वाटणी दोनच नावांत व्हायची: शिंदेशाही आणि होळकरशाही. चितू शिंदेशाहीतला. टोळीत घोडी किती, भाले किती, याला नावात जागा नव्हती. आश्रय कोणाचा एवढंच नावात दिसे. इंग्रज पाठीवर असताना १८१९ मध्ये जंगलात वाघानं चितूला मारलं आणि माणसाबरोबर त्याचा दुर्राही इतिहासजमा झाला.

भारतीय नौदलाचं विमानदळ बरोबर याच्या उलट चालतं. तिथे माणसं बदलतात, विमानं भंगारात नाहीतर संग्रहालयात जातात, तळसुद्धा बदलतो. तुकडी मात्र आपला क्रमांक आणि नाव घेऊन पुढे चालत राहते. हा लेख त्या क्रमांकांचा आणि नावांचा आहे.

पहिली गोष्ट म्हणजे नौदलात स्क्वाड्रन नुसती ‘उभारत’ नाहीत, ती जहाजासारखी कमिशन करतात. तारीख ठरते, फर्मान वाचलं जातं, पहिला कमांडिंग ऑफिसर सूत्रं हाती घेतो. त्या दिवसापासून ती स्क्वाड्रन म्हणजे कागदोपत्री एक स्वतंत्र घटक. तिच्या नावाआधी ‘आयएनएएस’, म्हणजे इंडियन नेव्हल एअर स्क्वाड्रन, आणि पुढे तीन आकडी क्रमांक. बोलताना कोणी एवढं लांबण लावत नाही. ‘थ्री हंड्रेड’, ‘थ्री थर्टी’ म्हटलं की झालं.

क्रमांकांतली मेख सोपी आहे. तीनशेच्या घरातल्या त्या लढणाऱ्या, समुद्रावर गस्त घालणाऱ्या किंवा जहाजांना हेलिकॉप्टर पुरवणाऱ्या तुकड्या. पाचशेच्या घरातल्या मुख्यतः शिकवणाऱ्या. ही पद्धत इंग्रजांच्या वळणाची. त्यांच्या फ्लीट एअर आर्मनं आघाडीच्या तुकड्यांसाठी आठशेचा घर आणि प्रशिक्षण व किरकोळ कामांच्या तुकड्यांसाठी सातशेचा घर राखून ठेवला होता. आपण विभागणी घेतली, आकडे वेगळे घेतले. फ्रेंचांनी हेच काम अक्षरांवर सोपवलं: ‘१२ एफ’ म्हणजे आघाडीची तुकडी, आकड्यामागे ‘एस’ असेल तर मदतीची. अमेरिकनांची तर बाराखडीच निराळी. त्यांच्या विमानांच्या स्क्वाड्रनच्या नावात येणारा ‘व्ही’ म्हणजे हवेपेक्षा जड यंत्र. १९२० साली हवेपेक्षा हलकी एअरशिपंही सेवेत होती, म्हणून हा भेद करावा लागला. एअरशिपं गेली, ‘व्ही’ राहिला. नौदलं परंपरेला अशीच चिकटून असतात.

आपल्याकडे तीनशेच्या आतही ढोबळ वस्त्या आहेत. ३०० आणि ३०३ ही लढाऊ विमानं. ३१०पासून पुढे लांब पल्ल्याची आणि किनाऱ्याची टेहळणी. ३२१पासून बचाव आणि सर्वसाधारण कामाची हेलिकॉप्टरं. ३३०च्या आसपास पाणबुडीचा माग काढणारी. ३४२पासून वैमानिक नसलेली विमानं. त्यांची पहिली स्क्वाड्रन २००६ साली कोचीत उभी राहिली. किनाऱ्यावर दिसणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या-करड्या डॉर्नियर विमानाला आपण नौदलाचं समजतो, पण ते तटरक्षक दलाचंही असू शकतं. त्यांच्या तुकड्यांचे क्रमांक सातशे आणि आठशेच्या घरातले.

सुरुवात अगदीच साधी होती. फेब्रुवारी १९५३ मध्ये पाण्यावरही उतरणारं एक सीलँड विमान कोचीत आलं आणि त्याच वर्षी ११ मेला तिथे ‘आयएनएस गरुड’ हा पहिला हवाई तळ कमिशन झाला. त्या काळच्या तुकडीला क्रमांकही नव्हता. ‘फ्लीट रिक्वायरमेंट युनिट’ असं हिशेबी नाव. काम म्हणजे जहाजांच्या तोफखान्याला सरावासाठी लक्ष्य ओढून नेणं आणि असलीच पडेल ती कामं. १९५९ साली तिला ५५० हा क्रमांक मिळाला. आजही कोचीत नौदलाचे वैमानिक तिच्याकडेच डॉर्नियरवर समुद्री टेहळणीचे धडे घेतात. सगळ्यात थोरली स्क्वाड्रन पाचशेच्या घरात आणि धाकट्या तीनशेच्या घरात, हा उलटा प्रकार त्यामुळे झाला.

मग विमानवाहू जहाज आलं आणि चित्र पालटलं. ३०० क्रमांकाची स्क्वाड्रन जुलै १९६०मध्ये वेल्समधल्या ब्रॉडी इथे सी हॉक जेट घेऊन कमिशन झाली. ३१० क्रमांकाची मार्च १९६१मध्ये फ्रान्सच्या इयेर इथे आलिझे विमानं घेऊन. दोघींचा जन्म परदेशात, कारण त्यांचं जहाज ‘विक्रांत’ अजून बेलफास्टच्या गोदीत होतं. ते ४ मार्च १९६१ला सेवेत आलं. १८ मेला लेफ्टनंट राधाकृष्ण तहिलियानी यांनी त्याच्या डेकवर सी हॉक उतरवलं. पुढे ते नौदलप्रमुख झाले. १९७१च्या युद्धात, डिसेंबरात, कॉक्स बझारवर हल्ल्याला गेलेली विमानं याच दोन तुकड्यांची. त्या वेळी ३००चे कमांडिंग ऑफिसर संतोष कुमार गुप्ता होते. त्यांना महावीरचक्र मिळालं.

या ‘थ्री हंड्रेड’चं टोपणनाव ‘व्हाइट टायगर्स’. पांढरा वाघ म्हटला की आम्हा मध्य प्रदेशवाल्यांच्या डोळ्यांसमोर रीवा येतं आणि महाराजा मार्तंडसिंहांनी १९५१ साली पकडलेला मोहन नावाचा बछडा. तेव्हा सी हॉकच्या अंगावरचा वाघ आपल्याच बाजूचा, असं मी मनाशी धरून चालतो. पण या स्क्वाड्रनची खरी गंमत पुढे आहे. १९८३च्या डिसेंबरात सी हॉकची जागा सी हॅरियरनं घेतली, आणि पहिली विमानं घेऊन येणारे कमांडिंग ऑफिसर अरुण प्रकाश हेही पुढे नौदलप्रमुख झाले. ११ मे २०१६ला गोव्यात हॅरियरला निरोप देण्यात आला. त्या दिवशी स्क्वाड्रन बंद झाली नाही. क्रमांक, वाघ आणि इतिहासाची वही मिग-२९केच्या हवाली झाली. ब्रिटिश सी हॉक, ब्रिटिश हॅरियर, रशियन मिग; वाघ तोच. ११ मे ही तारीखही योगायोगाची नाही. ‘गरुड’चा वाढदिवस तोच, आणि मिगची पहिली स्क्वाड्रन ३०३, ‘ब्लॅक पँथर्स’, हीसुद्धा २०१३ साली त्याच दिवशी कमिशन झाली होती.

क्रमांक तोच आणि काम निराळं, असंही होतं. ३१०ची आलिझे १९९१ साली गेली. तो क्रमांक आता डॉर्नियर उडवणाऱ्या तुकडीकडे आहे. डेकवरून झेपावणारी स्क्वाड्रन किनाऱ्याची झाली. ३१२ची कथा तर कादंबरीला पुरेल. एअर इंडियाच्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानांनी आधी प्रवासी वाहिले, मग ती हवाई दलाकडे गेली आणि १९७६ साली नौदलाकडे येऊन ३१२ बनली. १९८८ला रशियन टीयू-१४२ आलं, २०१३ला अमेरिकन पी-८आय. टोपणनाव ‘अल्बाट्रॉस’. आपण कोणत्या दशकात कोणाकडून खरेदी करत होतो, हे परराष्ट्र धोरणाच्या जाडजूड पुस्तकाइतकंच या एका स्क्वाड्रनच्या हँगरमध्येही वाचता येतं.

विमानाच्या अंगावर ‘आयएन’ आणि तीन आकडे रंगवलेले असतात. अनेकांना तो स्क्वाड्रनचा क्रमांक वाटतो. तो विमानाचा. सी हॅरियर ६०१पासून, सी किंग ५०१पासून, मिग-२९के ८०१पासून. टीयू-१४२ला ३११ ते ३१८ दिले होते, म्हणून त्याच कामाच्या पी-८आयनं ३२०पासून सुरुवात केली. संग्रहालयात विमानासमोर उभं राहून मुलाला चुकीची माहिती देणारे वडील मी पाहिले आहेत, म्हणून एवढं सविस्तर.

आता रचना. स्क्वाड्रनचा प्रमुख बहुधा कमांडर हुद्द्याचा. त्याच्या हाताखाली सिनियर पायलट, सिनियर ऑब्झर्व्हर आणि इंजिन-विजेची बाजू सांभाळणारे तांत्रिक अधिकारी. ऑब्झर्व्हर हे नौदलाचं खास पद. तो विमान चालवत नाही. रडार, सोनार, नकाशा आणि हत्यार त्याच्या हाती, आणि पाणबुडीच्या शिकारीत वैमानिकाला कुठे वळायचं ते तो सांगतो. खाली तांत्रिक नौसैनिकांची फळी. विमान धड आहे असं त्यांनी वहीत सही करून दिल्याशिवाय आणि ती वही पाहून वैमानिकानं आपली सही केल्याशिवाय चाक हलत नाही. वरच्या बाजूला तळ आणि त्यावर पश्चिम, पूर्व किंवा दक्षिण कमांड. अंदमानात तिन्ही दलांची एकत्र. प्रशिक्षण आणि उड्डाणाच्या दर्ज्यावर देखरेख गोव्यातल्या ‘फ्लॅग ऑफिसर नेव्हल एव्हिएशन’ची, तोच अधिकारी गोवा क्षेत्राचाही प्रमुख.

स्क्वाड्रनचा सगळ्यात लहान पण सगळ्यात रंजक तुकडा म्हणजे फ्लाइट. फ्रिगेट किंवा विनाशिका समुद्रावर निघाली की तिच्या डेकवर एखाद-दुसरं हेलिकॉप्टर, मोजके वैमानिक आणि तंत्रज्ञ चढतात. ही शिप्स फ्लाइट. तिचं माहेर स्क्वाड्रन आणि सासर जहाज. रोजचे हुकूम कॅप्टनचे, उड्डाणाचे नियम आणि तपासण्या माहेरच्या. जहाज बंदरात शिरण्याआधी हेलिकॉप्टर उडून तळावर जातं. मुंबईत तो तळ कुलाब्याचा ‘आयएनएस शिक्रा’. मे २०२१मध्ये तौक्ते वादळात ‘पी-३०५’ बार्ज बुडाली, तेव्हा मुंबईतून माणसं शोधायला झेपावली ती याच तळावरची हेलिकॉप्टरं.

विमानवाहू जहाजाचंही तसंच. ‘विराट’ असो, ‘विक्रमादित्य’ असो की २ सप्टेंबर २०२२ला कमिशन झालेलं नवं ‘विक्रांत’, विमानं जहाजाच्या मालकीची नसतात. स्क्वाड्रन गोव्याहून डेकवर उतरते आणि मोहीम संपली की परतते. जहाजावर त्यांचा कारभारी कमांडर (एअर). त्याला सगळे ‘विंग्ज’ म्हणतात आणि त्याच्या मदतनीसाला ‘लिटल एफ’. हीही इंग्रजी वारसदारी. नव्या ‘विक्रांत’बरोबर ध्वजावर शिवछत्रपतींच्या मुद्रेचा अष्टकोन आला, ‘विंग्ज’ मात्र ‘विंग्ज’च राहिला.

आणि आता पाखरं. नौदलाच्या बहुतेक हवाई तळांना पक्ष्यांची नावं आहेत, हे अनेकांना ठाऊक असतं. ती आपल्याच भाषांतून, काही तर जिथला तळ तिथल्या भाषेतून निवडली जातात, हे कमी जणांच्या लक्षात येतं. विशाखापट्टणमचा ‘डेगा’ तेलुगू. अरक्कोणमचा ‘राजाली’ आणि रामेश्वराजवळचा ‘परुंदु’ तमीळ. पोर्ट ब्लेअरचा ‘उत्क्रोश’ संस्कृत. कॅम्पबेल बेचा ‘बाज’ सगळ्या उत्तर हिंदुस्थानचा. अंदमानच्या उत्तरेला शिबपूरला २०१९ साली ‘कोहासा’ झाला. तो पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. हाच पक्षी कोकणकिनाऱ्यावर उंच झाडांवर घरटी बांधतो आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं त्याच्या घरट्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली आहे. गोव्याचा ‘हंस’ आधी कोइमतूरजवळ सुलूरला १९६१च्या सप्टेंबरात कमिशन झाला. गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगीजांनी बांधलेली दाबोळीची धावपट्टी नौदलाकडे आली आणि १९६४ साली हंस तिथे स्थलांतरित झाला. मुंबईचा ‘शिक्रा’ तर २००९पर्यंत ‘कुंजाली-२’ होता, सामुतिरी राजाच्या आरमारप्रमुखांच्या नावाचा. मुंबईतला किनारी तळ ‘आंग्रे’ असल्यानं कान्होजी आणि कुंजाली एकाच शहरात शेजारी होते, ही जोडी मला आवडायची. हेलिकॉप्टरांच्या तळाला मग पाखराचं नाव आलं.

तळांचा हा विचार स्क्वाड्रनच्या टोपणनावांना का लागू होत नाही, हे मला कोडं आहे. ती सरसकट इंग्रजी. जुन्यांचं एक वेळ समजू शकतं. ‘कोब्राज’, ‘हार्पून्स’, ‘एंजल्स’ ही साठ-सत्तर सालची वॉर्डरूमची बोली. पण २०२२ साली दाबोळीत पी-८आयची ३१६ उभी राहिली ती ‘काँडॉर्स’ म्हणून. काँडॉर हे अमेरिका खंडातलं गिधाड, दाबोळीच्या आकाशात ते कोणी पाहिलेलं नाही. पाणबुडीचा माग काढणाऱ्या ‘रोमिओ’ हेलिकॉप्टरांची ३३४ मार्च २०२४मध्ये कोचीत आली ती ‘सीहॉक्स’. तिची धाकटी बहीण ३३५ डिसेंबर २०२५मध्ये दाबोळीत आली ती ‘ऑस्प्रेज’. ऑस्प्रे निदान हिवाळ्यात आपल्या खाड्यांवर मासे पकडताना दिसतो. पण अमरकोश उत्क्रोश आणि कुरर एकच मानतो, आणि कुरर म्हणजे हाच पक्षी. म्हणजे अंदमानात तळाला जे संस्कृत नाव शोभलं, तेच गोव्यातल्या स्क्वाड्रनला इंग्रजीत दिलं. वैमानिकांना रेडिओवर आखूड शब्द लागतो, हा बचाव मला पटत नाही. ‘डेगा’ आणि ‘बाज’ यांपेक्षा आखूड काय असणार?

२८ एप्रिल २०२५ला भारतानं फ्रान्सशी २६ राफेल-एम विमानांचा करार केला: बावीस एका आसनाची, चार दोन आसनांची. आलिझेनंतर डेकवर पुन्हा फ्रेंच विमान. ती विमानं ‘थ्री हंड्रेड’सारख्या जुन्या स्क्वाड्रनच्या हवाली करावीत की नवा क्रमांक काढावा, हा नौदलाचा प्रश्न. नवा काढलाच, तर टोपणनाव तरी कोकणी किंवा मराठी आकाशातलं ठेवावं, एवढी विनंती. पहिली विमानं २०२८च्या सुमारास अपेक्षित आहेत. विचाराला वेळ आहे.