फोकसचा ताळा

छायाचित्र अस्पष्ट आले की दोष कोणाचा, हा वाद छायाचित्रणाइतकाच जुना असावा. स्नेहसंमेलनातील पारितोषिक वितरणाचा फोटो पाहावा, तर प्रमुख पाहुण्यांचा चेहरा धूसर आणि त्यांच्या मागच्या पडद्यावरची अक्षरे मात्र कोरल्यासारखी स्पष्ट! मग एक जण म्हणतो, "कॅमेरा गेला." दुसरा म्हणतो, "लेन्स बदल." तिसऱ्याच्या मते फोटो काढणाऱ्याचा हातच हलला. तिघांपैकी कोणीही तपासून पाहिलेले नसते.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. मोठ्या कंपन्यांनी आपले लक्ष आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळविल्यामुळे आरशाचे डिजिटल एसएलआर कॅमेरे जुन्या बाजारात सहज मिळतात. माझ्या ओळखीचे काही विद्यार्थी असा एखादा कॅमेरा घेऊन सुटीत लग्नमुंजींचे फोटो काढतात आणि फीचे पैसे उभे करतात. अंतरपाट दूर होतो तो क्षण एकदाच येतो. तो फोटो फसला तर वधूपित्याला काय सांगणार? आणि कॅमेऱ्यात दोष नसताना दुरुस्तीचे पैसे भरले, तर सुटीची कमाई त्यातच जायची. म्हणून दोष नेमका कुठे आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे, ते या लेखात सांगण्याचा विचार आहे.

काचेवरचे फोकस

आपल्याच शहराच्या इतिहासापासून सुरुवात करू. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४-१९०५) यांचा स्टुडिओ सिकंदराबादेत होता. त्या काळचे छायाचित्रकार मोठ्या लाकडी कॅमेऱ्याच्या मागे डोक्यावर काळे कापड घेऊन उभे राहत. कॅमेऱ्याच्या पाठीमागे एक दुधी काच असे. तिच्यावर उमटलेले चित्र डोळ्यांनी पाहून ते फोकस साधत आणि मग त्याच जागी फोटोची प्लेट बसवीत. या पद्धतीतील मुख्य गोष्ट ही की फोकस जिथे पाहिले तिथेच चित्र उमटत असे. पाहण्याची जागा व नोंदीची जागा एकच असल्यामुळे दोहोंत फरक पडण्यास वाव कमी होता.

डिजिटल एसएलआरमध्ये नेमकी हीच गोष्ट बदलली आहे. लेन्समधून आलेला प्रकाश आतल्या तिरप्या आरशावर पडतो व वर वळून आपल्या डोळ्याकडे जातो. या आरशाचा मधला भाग थोडा प्रकाश आरपार जाऊ देतो. तो प्रकाश मागच्या एका छोट्या आरशावर पडून खाली वळतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या ऑटोफोकसच्या सेन्सरवर पोचतो. तेथे लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाची दोन छोटी चित्रे तयार होतात. त्या दोन चित्रांतील अंतरावरून लेन्स पुढे सरकवायची की मागे, आणि किती, हे कॅमेरा ठरवितो. मग बटण पूर्ण दाबताच दोन्ही आरसे वर उचलले जातात आणि प्रकाश सरळ मागच्या मुख्य सेन्सरवर पडून फोटो नोंदला जातो.

म्हणजे फोकस मोजले एका ठिकाणी आणि फोटो उमटला दुसऱ्या ठिकाणी! लेन्सपासून या दोन्ही जागांचे अंतर तंतोतंत सारखे असेल तरच फोटो स्पष्ट येईल. छोटा आरसा आपल्या जागेवरून किंचित ढळला तरी मोजणीच्या हिशोबाने फोकस अचूक आणि फोटोत मात्र चूक, अशी स्थिती होते. स्पष्टता विषयाच्या पुढे पडली तर त्यास फ्रंट फोकस व मागे पडली तर बॅक फोकस म्हणतात.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने मला येथे रोकडवही आणि बँकेचे पासबुक आठवते. व्यवहार तेच, वह्या दोन. शिल्लक जुळली नाही म्हणजे बँक लबाड किंवा कारकून गाफील, असे आपण लगेच ठरवीत नाही. जुळवणीपत्रक तयार करून फरकाचे कारण शोधतो. कॅमेऱ्याच्या बाबतीतही तेच करावयाचे आहे.

या यंत्रणेचा इतिहास वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना आवडेल असा आहे. मिनोल्टा कंपनीने १९८५ साली ७००० हा ऑटोफोकसचा एसएलआर बाजारात आणला व तो फार गाजला. पण आपल्या पेटंटांचा भंग झाला म्हणून अमेरिकेतील हनीवेल कंपनीने दावा लावला आणि १९९२ साली मिनोल्टाने सुमारे १२ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तो मिटविला. काही मिलिमीटरच्या हिशोबाची किंमत एवढी मोठी असू शकते!

आधी निर्दोष कारणे वगळावीत

पुष्कळदा ऑटोफोकसवर घातलेला आळ खोटा असतो. म्हणून प्रथम तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट हालचालीची. फोटोत कोठेच काही स्पष्ट नसेल आणि प्रकाशाचे ठिपके एका दिशेने ओढल्यासारखे दिसत असतील, तर कॅमेरा हललेला आहे. ५० मिलिमीटरची लेन्स साधारण सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हातात धरायची, तर शटर निदान १/८० सेकंद वेगाचे हवे. पार्श्वभूमी स्पष्ट आणि फक्त माणूसच पुसट असेल, तर त्याने मान वळविली असण्याचाही संभव आहे. फोकस चुकल्याची खरी खूण वेगळी असते. त्यात भलत्याच ठिकाणची एखादी वस्तू स्वच्छ दिसते.

दुसरी गोष्ट खोलीची. ५० मिलिमीटरच्या लेन्सचे अ‍ॅपर्चर एफ १.८ एवढे उघडे ठेवून एक मीटरवरील चेहरा टिपला, तर स्पष्टतेची एकंदर खोली जेमतेम अडीच सेंटिमीटर मिळते. डोळे साधले तर कान सुटले! तेच अ‍ॅपर्चर एफ ८ केल्यास ही खोली साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास जाते. चार जणांचा गट एफ १.८ वर काढून मागच्या रांगेबद्दल कॅमेऱ्याला बोल लावणे न्यायाचे नव्हे.

तिसरी गोष्ट म्हणजे मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस धरून नंतर कॅमेरा वळविण्याची सवय. एक मीटरवर कॅमेरा १० अंशांनी वळविला, तर स्पष्टतेचे प्रतल डोळ्याच्या सुमारे दीड सेंटिमीटर मागे जाते. अडीच सेंटिमीटरच्या खोलीत विषयाच्या मागे-पुढे सव्वा-सव्वा सेंटिमीटरच वाट्याला येते. म्हणजे केवळ वळविण्यानेच डोळा हद्दीबाहेर गेला. अशा वेळी डोळ्याजवळचा फोकसबिंदू निवडावा, हे उत्तम.

कॅमेऱ्याला काय दिसते?

ऑटोफोकसला चेहरा किंवा फूल कळत नाही. त्याला उजेड-अंधाराची कड लागते. नुकत्याच चुना दिलेल्या भिंतीवर फोकस धरू पाहा, लेन्स नुसती पुढे-मागे घुटमळेल. तीच लेन्स मोझमजाही मार्केटच्या १९३५ सालच्या दगडी भिंतीवर धरा, दगडाच्या खरबरीत पृष्ठामुळे लगेच स्थिरावेल. काही बिंदू एकाच दिशेच्या कडा ओळखतात. दोन्ही दिशांच्या कडा ओळखणाऱ्या बिंदूस क्रॉस बिंदू म्हणतात. स्वस्त मॉडेलांत बहुधा मधला एकच बिंदू असा असतो. त्यामुळे कडेच्या बिंदूला खिडकीचे गज नीट दिसावेत पण आडव्या फळ्या दिसू नयेत, असा प्रकार घडू शकतो.

शिवाय व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकोनापेक्षा प्रत्यक्ष मोजणीचे क्षेत्र पुष्कळदा मोठे असते. आपण वधूच्या डोळ्यावर बिंदू ठेवतो आणि कॅमेरा मात्र नथीच्या चमकत्या मोत्यांना पकडतो. मोती डोळ्यांच्या पुढे असतात. फोटोत ते लखलखीत आणि डोळे मऊ. हा कॅमेऱ्याचा बिघाड नव्हे. त्याने आपल्या नियमाप्रमाणे सर्वांत ठळक कड निवडली, इतकेच. सर्व बिंदू मोकळे सोडले तर हा धोका आणखी वाढतो, कारण कॅमेरा बहुधा जवळची वस्तू पसंत करतो. आणखी एक गैरसमज दूर करावा. व्ह्यूफाइंडरजवळचे चष्म्याच्या नंबराचे छोटे चाक फक्त आपल्या डोळ्यासाठी असते. त्याचा ऑटोफोकसशी संबंध नाही.

ताळा पाहण्याची रीत

एवढे करूनही शंका उरली तर जुळवणी करावी. लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर राहतो आणि कॅमेरा मुख्य सेन्सरवरील चित्र पाहूनच फोकस साधतो. राजा दीनदयाळांच्या काळच्या दुधी काचेचीच ही नवी आवृत्ती! म्हणून लाइव्ह व्ह्यूचे फोकस प्रमाण मानावे व व्ह्यूफाइंडरचे त्याच्याशी ताडून पाहावे. मात्र काही कॅमेऱ्यांत लाइव्ह व्ह्यूमध्येही 'क्विक' नावाची पद्धत असते. ती आरसा खाली आणून जुनाच सेन्सर वापरते, म्हणून ती टाळावी.

१. खिडकीजवळच्या भरपूर उजेडात भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट चिकटवावे. शेजारी एक फूटपट्टी ४५ अंशांत तिरपी ठेवून तिचा मध्य पानाच्या रेषेत आणावा. फोकस पानावर धरावे, पट्टीवर नव्हे. पट्टी फक्त फरक वाचण्यासाठी आहे.

२. कॅमेरा तिपाईवर, पानाला समांतर ठेवावा. अंतर लेन्सच्या मिलिमीटरांच्या २५ ते ५० पट असावे. ५० मिलिमीटरच्या लेन्सला सव्वा ते अडीच मीटर.

३. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे, बिंदू मधला, फोकस एकवार धरण्याच्या पद्धतीत ठेवावे. लेन्समध्ये थरथर रोखण्याची सोय असल्यास ती बंद करावी आणि टायमर लावावा.

४. व्ह्यूफाइंडरने सहा फोटो घ्यावेत. प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवावे. तीनदा दूरच्या टोकाला, तीनदा जवळच्या. नंतर लाइव्ह व्ह्यूने तीन घ्यावेत.

५. सर्व फोटो संगणकावर पूर्ण मोठे करून शेजारी-शेजारी पाहावेत. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर निकाल देऊ नये.

निकाल वाचणे सोपे आहे. दोन्ही गट सारखेच स्वच्छ असतील तर कॅमेरा निर्दोष. सुधारणा वापरात हवी. दोन्ही गट सारखेच मऊ असतील तर लेन्सची काच किंवा तिचा दर्जा तपासावा. लाइव्ह व्ह्यू स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरचे फोटो दर वेळी त्याच दिशेला, तितकेच चुकलेले असतील तर हा नियमित फरक होय. तो दुरुस्त होतो. पण फोटो कधी पुढे, कधी मागे पडत असतील तर लेन्सचे संपर्कबिंदू मळलेले, मोटर झिजलेली किंवा ऑटोफोकस सेन्सरवर धूळ असण्याचा संभव असतो. शेवटी दुसरी लेन्स लावून पाहावे. एकाच लेन्सशी चूक होत असेल तर त्या जोडीचा दोष, सर्व लेन्सांशी होत असेल तर बॉडीचा.

आमच्या एका वर्गमित्राला "बॉडीच गेली" असे सांगून दुरुस्तीचा मोठा आकडा ऐकविण्यात आला होता. आम्ही त्याच्या घराच्या गच्चीवर हाच ताळा पाहिला. ५० मिलिमीटरच्या लेन्सने सहाही फोटो मागे पडले, कॅमेऱ्यासोबतच्या लेन्सने एकही नाही. मेनूमधील आकडा उणे ७ केल्यावर पैसा न खर्चता काम झाले.

समायोजनाची नोंद

मध्यम व वरच्या किमतीच्या अनेक एसएलआरमध्ये ही सोय असते. कॅनन तिला एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट म्हणते, निकॉन एएफ फाइन ट्यून. उणे २० ते अधिक २० असे आकडे असतात. बॅक फोकस असल्यास उणे, फ्रंट फोकस असल्यास अधिक. कॅमेरा हा आकडा त्या लेन्सच्या नावे लक्षात ठेवतो. निकॉनच्या २०१६ सालच्या डी ५ व डी ५०० या मॉडेलांत तर लाइव्ह व्ह्यूचे फोकस प्रमाण धरून कॅमेरा स्वतःच फरक काढतो. म्हणजे जुळवणीपत्रकही यंत्रच लिहिते! अगदी स्वस्त मॉडेलांत ही सोय नसते. त्यांच्या मालकांनी महत्त्वाच्या फोटोसाठी लाइव्ह व्ह्यू वापरावा किंवा अ‍ॅपर्चर थोडे मिटवावे.

मात्र कारण न शोधता आकडे फिरवू नयेत. तेरीज जुळत नाही म्हणून फरक सस्पेन्स खात्यात ढकलण्यासारखे ते होईल. शिवाय झूम लेन्सच्या दोन टोकांचा फरक वेगळा असू शकतो आणि दीड मीटरवर बसविलेला आकडा लांबच्या अंतरावर तितकाच लागू पडेल असेही नाही. आपण नेहमी जितक्या अंतरावरून फोटो काढतो, तेथे खात्री करून घ्यावी.

आकड्यांनी न सुटणारे दोषही असतात. २००७ साली कॅननच्या १डी मार्क ३ या महागड्या कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसबद्दल तक्रारी आल्या आणि कंपनीने त्याच्या छोट्या आरशाची दुरुस्ती करून दिली. २०१२ साली निकॉन डी ८०० च्या काही ग्राहकांना मधला बिंदू बरोबर, डावीकडचे बिंदू चुकीचे, असा अनुभव आला. असे काही आढळल्यास स्क्रू-ड्रायव्हर हाती न घेता अधिकृत सेवाकेंद्र गाठावे. आणि जाताना ताळ्याचे फोटो बरोबर न्यावेत. पुरावा असला की बोलणे सोपे जाते.

मिररलेस कॅमेरा मुख्य सेन्सरवरच फोकस मोजतो, म्हणून दोन वह्यांचा हा फरक त्यात उरत नाही. पण हललेला हात, अपुरी खोली आणि निष्काळजी नजर यांवर त्यातही औषध नाही.

तेव्हा जुना एसएलआर घेऊ इच्छिणाऱ्या मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते की, पैसे मोजण्यापूर्वी खिशात एक फूटपट्टी आणि काखेत एक वर्तमानपत्र घेऊन जावे. दुकानदाराकडे दहा मिनिटे मागून घ्यावीत. सौदा खरा असेल तर तो नाही म्हणणार नाही.