मोठी दालनं देखाव्याची, लहान खोल्या कारभाराच्या

बीजिंगच्या मधोमध, तिआनआनमेन चौकाच्या उत्तरेला मिंग आणि चिंग सम्राटांचा राजवाडा आहे. जगभर तो फॉरबिडन सिटी म्हणून ओळखला जातो, चिनी लोकांच्या तोंडी मात्र तो ‘गुगोंग’. 72 हेक्टरांचा परिसर, भोवती 10 मीटर उंच तट आणि तटाबाहेर 52 मीटर रुंदीचा खंदक. योंगले सम्राटाने 1406 मध्ये बांधकाम सुरू केलं, ते 1420 मध्ये पुरं झालं. पुढे जवळजवळ पाच शतकं, 24 सम्राटांनी इथे राज्य केलं. वाडा दक्षिणेकडून उत्तरेकडे बघत जायचा असतो. या वाटेवर खोल्या लहान होत जातात आणि त्यांत घडलेल्या गोष्टी मोठ्या.

प्रवेश दक्षिणेच्या वूमेन दरवाजातून. मधली कमान फक्त सम्राटाची. सम्राज्ञीला त्यातून आत यायची मुभा होती ती लग्नाच्या दिवशी. सम्राटासमोर होणाऱ्या सर्वोच्च राजपरीक्षेत पहिले तीन आलेले उमेदवार निकालाच्या दिवशी त्याच कमानीतून बाहेर पडत. गावाकडून आलेल्या एखाद्या विद्वानाला आयुष्यात एकदाच मिळणारा हा मान होता.

पुढे संगमरवरी पूल ओलांडून आपण ताईहे दालनासमोरच्या अफाट चौकात येतो. चौकात एकही झाड नाही. तीन थरांच्या पांढऱ्या जोत्यावर हे दालन उभं आहे आणि आत सोनेरी सिंहासन. राज्यारोहण, नववर्ष, सम्राटाचा वाढदिवस असे मोठे सोहळे इथे होत. अधिकारी खाली चौकात हुद्द्याप्रमाणे रांगा धरून उभे राहत, आपली जागा चुकू नये म्हणून तिथे काशाच्या खुणा मांडलेल्या असत. मग तीनदा गुडघे टेकायचे आणि नऊदा कपाळ जमिनीला लावायचं. एवढं करून सम्राट दिसायचा तो लांबूनच, दिसला तर.

हा सगळा थाट लाकडावर उभा होता आणि लाकडाला आगीचं भय. वाडा पुरा झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, 1421 मध्ये, वीज पडून ताईहेसह तिन्ही मुख्य दालनं जळाली. आज दिसणारं ताईहे दालन 1695 मध्ये सुरू झालेल्या पुनर्बांधणीतलं आहे. चौकाचौकांत धातूच्या अवाढव्य घंगाळांत पाणी भरून ठेवलेलं असे. बीजिंगच्या हिवाळ्यात ते गोठू नये म्हणून घंगाळाखाली निखारे पेटवत. काही घंगाळांना सोन्याचा मुलामा होता. जवळ जाऊन पाहिलं की त्यावर आडवेतिडवे ओरखडे दिसतात. 1900 मध्ये आठ देशांच्या फौजा शहरात शिरल्या, तेव्हा सैनिकांनी सोनं खरवडल्याच्या या खुणा असल्याचं सांगतात.

तिसऱ्या दालनामागे ड्रॅगन कोरलेली एक अखंड शिळा आहे. लांबी साडेसोळा मीटरांहून जास्त, वजन 200 टनांच्या पुढे. एवढे दगड बीजिंगच्या नैर्ऋत्येच्या खाणींतून हिवाळ्यात आणत. रस्त्यावर पाणी ओतून बर्फ करायचा आणि त्यावरून शिळा ओढायची.

शिळेच्या पलीकडे राजघराण्याचं घर सुरू होतं. इथल्या छियेनछिंग महालात सिंहासनाच्या वर एक फलक आहे. आपल्यामागे मुलांत भांडण नको म्हणून योंगचेंग सम्राटाने 1723 मध्ये वारसाचं नाव लिहून, पेटीत बंद करून ती या फलकामागे ठेवली. दुसरी प्रत त्याच्याजवळ. सम्राट गेल्यावर दोन्ही ताडून पाहायच्या. गादीवर कोण बसणार हे त्या पेटीने ठरत असे.

पश्चिमेला यांगशिन महाल आहे. योंगचेंगपासून पुढचे सम्राट इथेच राहिले. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या अर्जांवर लाल शाईने शेरे मारण्याचं काम इथेच चाले. याच महालात चियेनलोंग सम्राटाची अभ्यासिका आहे, जेमतेम दोन माणसं मावतील एवढी. तिथे बसून तो त्याचे तीन लाडके हस्तलेख न्याहाळत असे. पूर्वेकडच्या खोलीत 1861 पासून पाच वर्षांच्या तोंगची सम्राटामागे पडदा लावून दोन राजमाता बसत, त्यांतली एक त्सशी. पडद्याआडून तिने चीनचा कारभार पुढे कित्येक दशकं चालवला. 12 फेब्रुवारी 1912 रोजी सहा वर्षांच्या पूयी सम्राटाच्या राजत्यागाचं फर्मान निघालं तेही याच महालातून.

इथलं रोजचं जगणं नियमांनी जखडलेलं होतं. सम्राटाची मुख्य जेवणं दोनच, सकाळी आणि दुपारी. पदार्थांत विष आहे का हे चांदीच्या पट्टीने तपासायचं, शिवाय खोजाने आधी चाखायचं. काय वाढलं याची नोंद होई, त्यातल्या कितीतरी नोंदी आजही जपलेल्या आहेत. राण्यांना ठरलेल्या श्रेणी होत्या. दासी कोवळ्या वयात येत आणि पंचविशीत सुटत. गुआंगशू सम्राटाची लाडकी राणी झेन हिला 1900 मध्ये, दरबार शहर सोडून पळत असताना, त्सशीच्या हुकमावरून विहिरीत ढकललं गेलं. ईशान्य कोपऱ्यातली ती विहीर अरुंद तोंडाची, साधी आहे. पुढे सिंहासन गेल्यावरही पूयी वाड्यातच राहिला आणि सायकल चालवता यावी म्हणून त्याने उंबरठे कापून घेतले. नोव्हेंबर 1924 मध्ये त्याला बाहेर काढलं आणि 10 ऑक्टोबर 1925 रोजी वाड्याचं संग्रहालय झालं.

तिकीट आधीच आरक्षित करावं, पासपोर्ट जवळ ठेवावा. सणासुदीच्या सुट्ट्या वगळता सोमवारी वाडा बंद असतो. बाहेर पडायचं उत्तरेने. समोरची चिंगशान टेकडी खंदकाच्या मातीतून उभी राहिली आहे, तिथून पिवळ्या छपरांचा सगळा पसारा नजरेत येतो.

गर्दी मधल्या वाटेने सरळ उत्तर दरवाजाकडे निघून जाते. तुम्ही मात्र तीन मोठ्या दालनांचा वेळ थोडा कमी करून पश्चिमेच्या सहा महालांना द्या. त्सशीने 1856 मध्ये जिथे मुलाला, म्हणजे तोंगचीला, जन्म दिला, तो छूशिउ महाल तिथे आहे. या मुलामुळेच ती सत्तेपर्यंत पोहोचली. दरबार कसा चाले आणि त्यात माणसं कशी जगली, हे सिंहासनापेक्षा या बंदिस्त अंगणांत जास्त नीट कळतं.