खुर्च्या किती मांडायच्या? : चेन्नईतलं समुपदेशन

विचित्र वागणाऱ्याला आपल्याकडे ‘ठाण्याला पाठवा’ म्हणतात, तसं चेन्नईत ‘कीळपाक्कम’चं, म्हणजे किलपॉकचं नाव घेतात. तिथलं मनोरुग्णालय मुळात १७९४ साली कंपनीच्या अमदानीत निघालं आणि १८७१ मध्ये किलपॉकला आलं. पुढे कित्येक वर्षं बहुतेक नातेवाइकांचा संबंध पेशंटला आणून सोडण्यापुरताच असे.

१९६१ मध्ये डॉ. शारदा मेनन तिथल्या अधीक्षक झाल्या. देशातल्या पहिल्या महिला मनोविकारतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. मला त्यांचा व्यवहारीपणा जास्त मोठा वाटतो. दिवसभर येऊन संध्याकाळी घरी जायची सोय, पेशंटच्या हाताला काम, बाह्यरुग्ण विभागावर भर: माणूस घरी परतणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. मग घराशी बोलणं आलंच. तसे त्या काळात इतरही होते. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांची राहायची सोय आवारात तंबू ठोकून केली, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार केंद्रात १९५७ पासून पेशंटबरोबर घरचं माणूस राहण्याची रीत पडली. समुपदेशकाने खोलीत खुर्च्या किती मांडायच्या, म्हणजे पेशंटखेरीज कोणाकोणाला बोलवायचं, याच प्रश्नाभोवती चेन्नईतलं पुढचं काम फिरताना दिसतं.

मेननबाईंच्या पुढाकाराने १९८४ मध्ये ‘स्कार्फ’ ही स्किझोफ्रेनियावर काम करणारी संस्था उभी राहिली. डॉ. आर. थारा आणि सहकाऱ्यांनी तर १९८१ पासूनच पहिल्यांदा आजारी पडलेल्या ९० जणांचा मागोवा घ्यायला सुरुवात केली होती. त्यातले बरेच जण पुढे चांगले सावरले, आणि श्रेय घराला देण्याकडे अनेकांचा कल झाला. मात्र घर म्हणजे नुसती माया नव्हे. घरच्यांचं बोलणं तपासायची एक पद्धत लंडनमध्ये निघाली: टोमणे किती, राग किती, अतिकाळजी किती. आजार उलटण्याशी याचा संबंध लागला. म्हणून समुपदेशक घरच्यांबरोबर अगदी बारीक गोष्टींवर काम करतो. ‘गोळी घेतलीस का?’ हे दिवसातून किती वेळा विचारलं जातं, कोण विचारतं, पाहुण्यांसमोर विचारतं का? दुपारी झोपलेल्याला आळशी म्हणायचं की औषधाची गुंगी समजायची?

थारा यांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या आणि संसार मोडलेल्या चेन्नईतल्या बायकांचाही अभ्यास केला. सासरने परत पाठवलेली, पोटगी न मिळालेली मुलगी म्हाताऱ्या आईबापांच्या गळ्यात. ‘आमच्यामागे हिचं कोण?’ या प्रश्नाला गोळीही नाही आणि समुपदेशनही नाही. भारतीय कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांनी तो अभ्यास जरूर वाचावा.

व्यसनाच्या बाबतीत खुर्च्या आणखी वाढल्या. दारूपायी पती गमावल्यावर शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन सुरू केलं. तिथे पिणाऱ्याइतकंच लक्ष त्याच्या बायकोकडे दिलं जातं. बाटल्या लपवणं, नवऱ्याला ताप आल्याचं साहेबांना कळवणं, उधारी फेडणं, पोरांना गप्प बसवणं हे तिचं वर्षानुवर्षांचं काम. त्यात ती चूक करते असं तिथे तिला कोणी सांगत नाही. हे थांबवलं तर काय होईल, याची तिची भीती आधी ऐकून घ्यावी लागते. मराठी वाचकाला इथे अवचटांचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आठवेल. ते १९८६ चं, आणि त्याचा ‘सहचरी’ गटही बायकांचाच.

त्याच १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ सुरू केली आणि खुर्च्या एकदम एकवर आणल्या. आत्महत्येच्या विचारात असलेल्याचं बोलणं इथे स्वयंसेवक ऐकतो. घरच्यांना बोलवत नाही, उपदेश करत नाही. घरात बोलायची सोय नसते, म्हणूनच तर माणूस तिथे फोन लावतो. निकालाच्या दिवसांत मुलांचे फोन यायचे. ‘स्नेहा’ने मग सरकारकडे पाठपुरावा केला, आणि बारावीला नापास झालेल्याला वर्ष न घालवता लगेच पुरवणी परीक्षा देता येऊ लागली. एका वेळापत्रकाने किती जीव वाचू शकतात, हे समुपदेशनाच्या पाठ्यपुस्तकात यायला हवं. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेने २०१७ पासून तमिळनाडूत तोच ताण दुसऱ्या वाटेने परत आणला, हा भाग वेगळा.

किशोरवयीन मुलांसाठी मात्र घरच्यांसह आणि एकट्याने, अशा दोन्ही पद्धती लागतात. पहिल्या भेटीत सगळे एकत्र. प्रश्न मुलाला विचारला आणि उत्तर आईने दिलं, तर समुपदेशक ते टिपून ठेवतो. बाबा फोनमध्ये असतील तर तेही. मग आईबाबांना बाहेर बसायची विनंती. त्याआधी सगळ्यांदेखत एक करार होतो: मुलगा जे सांगेल ते त्याच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही, पण जिवाला धोका असेल तर घरी सांगावं लागेल. लैंगिक अत्याचार कळला तर पॉक्सो कायद्याने (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे. हे आधी न सांगता नंतर केलं, तर पोरगं पुन्हा त्या खोलीची पायरी चढत नाही.

भाषेचा गुंता वेगळाच. खानापूर-आटपाडीकडची गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली माणसं तमिळनाडूत गावोगावी आहेत. अशा घरातलं चेन्नईत वाढलेलं पोरगं समुपदेशकाशी तमिळ-इंग्रजीत बोलणार, आईला धड येते ती मराठीच. मग आईची तक्रार मुलानेच भाषांतर करून सांगायची का? अनुभवी समुपदेशक हे टाळतो. ‘हा रात्रभर मोबाइलवर असतो’ या वाक्याचं त्या मुलाच्या तोंडून काय होईल, कोणी सांगावं! अशा वेळी मामा-काकांऐवजी बाहेरचा दुभाषी शोधतात, कारण काका आला की जमिनीचा वाद आला.

आणि घरच नसेल तर? वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ मध्ये ‘द बॅनियन’ काढली ती रस्त्यावरच्या मनोरुग्ण बायकांसाठी. काहींचं गाव सापडलं, काहींच्या घरच्यांनी दार उघडलं नाही. त्यांच्यासाठी पुढे साध्या वस्तीत भाड्याची घरं घेतली गेली: चार-पाच जणी, एक स्वयंपाकघर, मदतीला एखादी कार्यकर्ती. भांडणं इथेही होतात. भाजीवरून, टीव्हीवरून, झोपायच्या जागेवरून. मग समुपदेशक येते आणि त्या घराची बैठक बसते.