लोहगडाच्या कातळातील नमन

पुण्याच्या जैन घरांत डोंगर चढणे ही नवी गोष्ट नाही. आजीने पालिताण्याची नव्वाणू यात्रा केलेली असते, आजोबांनी शिखरजीचा नऊ कोस चढ-उतार नवकार जपत पायांखाली घातलेला असतो, आणि गिरनारच्या पायऱ्यांच्या कथा तर प्रत्येक दिवाळीत पुन्हा सांगितल्या जातात. तरीही घरातला मुलगा रविवारी पाठीला पिशवी अडकवून मावळातल्या गडावर निघाला, की त्याच घरात प्रश्न उपस्थित होतो : तीर्थ नाही, देरासर नाही, मग तिथे जायचे कशाला?

या प्रश्नाला मावळातल्या एका डोंगराने अलीकडेच उत्तर दिले आहे. पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने मळवलीला उतरावे, द्रुतगती महामार्ग ओलांडून भाजे गावातून वर निघावे, लोहगड आणि विसापूर या दोन जुळ्या गडांमधील गायमुख खिंडीत पोहोचावे आणि तिथून लोहगडवाडी गाठावी. गडाच्या पायऱ्यांच्या मुख्य वाटेपासून बाजूला, वाडीच्या वरच्या अंगाला कातळात एक लेणे आहे. २०१९ मध्ये तिथल्या ब्राह्मी शिलालेखाकडे डोंगरभटक्या मंडळींचे लक्ष गेले. लेखाची भाषा प्राकृत, काळ इसवी सनापूर्वीचा असावा असे अभ्यासकांचे मत. आणि त्याचा आरंभ अरिहंतांना केलेल्या नमनाने होतो.

अशा आरंभाचा लेख मावळात पूर्वीही सापडला होता. कामशेत परिसरातील पाले येथील लेण्यात. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील डॉ. ह. धी. सांकलिया आणि पुरालेखाच्या अभ्यासक डॉ. शोभना गोखले यांनी तो १९६९च्या सुमारास उजेडात आणला. इंद्ररक्षित (लेखात ‘इदरखित’) नावाच्या आदरणीय व्यक्तीने लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, करविल्याचे त्यात म्हटले आहे. लोहगडवाडीच्या लेखातही हेच नाव आहे. एकाच माणसाने दोन वेगळ्या डोंगरांत ध्यानाची आणि पाण्याची सोय करून ठेवली असावी. ‘अरहंत’ हा शब्द बौद्ध परंपरेतही येतो, हे खरे. परंतु नमनाच्या धाटणीवरून हे लेख जैन असावेत, असे अभ्यासकांनी मानले आहे. महाराष्ट्रातील जैन परंपरेच्या सर्वांत जुन्या लेखी खुणांमध्ये त्यांची गणना होते.

येथे गेल्यावर मात्र वेरूळची अपेक्षा ठेवू नये. तेथील ३० ते ३४ क्रमांकांच्या लेण्यांत इंद्रसभेचे वैभव आहे, तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, कमळांनी भरलेली छते आहेत. त्या लेण्यांच्या कित्येक शतके आधीच्या या कातळात मूर्तिपूजेचा थाट नाही. आहे ती साधी खोदीव जागा, ओटे, जवळच पाणी आणि भिंतीवर काही ओळी. दर्शनाच्या सवयीने गेलेला श्रावक प्रथम थोडा निराश होतो, हे मान्य केले पाहिजे. नंतर त्याला सुचते की विहार करणाऱ्या साधूला एवढेच लागते.

इतक्या आडबाजूला हे कसे? उत्तर व्यापारात आहे, आणि ते या मासिकाच्या वाचकांना लवकर पटेल. कोकणातील बंदरांवरून घाटमाथ्यावर येणारा माल बोरघाटाच्या परिसरातून वर चढत असे. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी त्याच वाटेच्या आधाराने उभी राहिली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लेखात वैजयंतीच्या भूतपाल या श्रेष्ठीचे नाव आहे. धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दानही तेथे नोंदलेले आहे. ही लेणी बौद्धांची. पण त्यांना पैसा पुरवणारा वर्ग आपल्या ओळखीचा आहे. त्याच वाटेवर एखाद्या निर्ग्रंथ साधूसाठी कातळ खोदला गेला असेल, तर त्यात आश्चर्य ते काय? आजही पुण्याहून मुंबईकडे विहार करणारे साधू-साध्वी जुन्या महामार्गाने वडगाव, कामशेत, लोणावळा असेच जातात. त्यांच्या सेवेत चालणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांनी मान वळवून लोहगडाकडे या दृष्टीने पाहिले असेल, कोणास ठाऊक.

लोहगडाचे व्यापाऱ्यांशी असलेले आणखी एक नाते तितके सुखाचे नाही. जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली गेली तेव्हा वीरजी व्होरा या जैन कोट्यधीशाचीही पेढी त्यात सापडली. इंग्रज आणि डच कंपन्या ज्याच्याकडून माल आणि कर्ज घेत, तो हा व्होरा. नेताजी पालकरांनी सुरतेची ती संपत्ती लोहगडावर आणून ठेवली, असे गडाच्या इतिहासात सांगितले जाते. गुजराती जैन कुटुंबातील मुले आज त्याच गडावर शिवरायांचा जयजयकार करीत चढतात. इतिहासाचा हिशेब जमा-खर्चाच्या दोन बाजूंत बसत नाही, तो असा.

गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाजांची गडाची चढण नागमोडी आणि देखणी आहे. पश्चिमेकडे निमुळता होत गेलेला विंचूकाटा लांबून खरोखर विंचवाच्या नांगीसारखा दिसतो. त्याच्या टोकाला उभे राहिले की पवना धरणाचे पाणी आणि त्यापलीकडे तुंग-तिकोन्याची शिखरे दिसतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, त्यांत लोहगड आहे. त्यामुळे गर्दी आणखी वाढणार.

आता मुख्य अडचण. पुणेकरांचा लोहगड म्हणजे पावसाळ्यातला लोहगड. धुके, धबधबे, भिजलेल्या पायऱ्या आणि कणसे. नेमका हाच काळ चातुर्मासाचा. ज्या चार महिन्यांत साधू पाऊल उचलत नाहीत, कारण भूमी जीवांनी भरलेली असते, त्याच महिन्यांत श्रावकांची मुले शेकड्यांनी डोंगर तुडवायला जातात. पायऱ्यांवरचे शेवाळ हे शास्त्राच्या दृष्टीने अनंतकाय. एका पावलाखाली किती जीव, याचा विचार करणारी परंपरा आपली, आणि त्या शेवाळावर घसरून हसण्याची चित्रफीत भ्रमणध्वनीवर फिरते तीही आपल्याच घरातली. घरातील वडीलधाऱ्यांचा राग या एका बाबतीत अनाठायी म्हणता येणार नाही. पालिताण्याच्या शत्रुंजयाची यात्रा चातुर्मासात थांबते आणि कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते. डोंगराला चार महिने विश्रांती देण्याची ही शिस्त पर्यावरणाचे शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधीची आहे.

जीवदयेचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी माणसांच्या जिवाचा राहतोच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ पुण्याच्या एका कुटुंबातील पाच जण पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. वरून येणारे पाणी सूचना देऊन येत नाही.

म्हणून कार्तिकी पौर्णिमेनंतर जावे. गवत पिवळे पडलेले असते, वाट कोरडी, हवा स्वच्छ. मार्गशीर्ष-पौषात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे नवकारशी पाळणाऱ्यांना पावणेआठच्या सुमारास तोंडात पाणी घालता येते. पहाटेच्या लोकलने निघालेल्यांनी मळवलीला उतरून, स्थानकाबाहेरच नवकारशी पारून मग चढायला लागावे. उकळलेले पाणी घरूनच न्यावे, कारण वाडीत चहा, पिठले-भाकरी मिळते पण लसूण-कांद्याची चौकशी करत बसावे लागते. खाखरा, ठेपले, सुकी भाजी, गूळ-शेंगदाणे एवढे पुरते. लेण्याकडे जाणारी वाट अरुंद असल्याने वाडीतील जाणत्या माणसाला सोबत घ्यावे आणि त्याला योग्य मोबदला द्यावा. लहान मुले व गुडघेदुखीचे रुग्ण यांनी वाडीतून गडाच्या पायऱ्यांचाच मार्ग धरलेला बरा.

यापुढची भीती मात्र पावसाची नाही, आपल्या उत्साहाची आहे. प्राचीन जागा सापडली की आपल्याला जीर्णोद्धार सुचतो. संगमरवरी फरशी, ऑइलपेंटने रंगवलेली पाटी, दात्यांच्या नावांचा फलक, एखादी नवी मूर्ती, वर पत्र्याची शेड. हेतू शुद्ध असतो आणि पैशाची कमतरता नसते. अडचण तीच आहे. लेखाची अक्षरे उथळ कोरलेली, त्यांवर दोन हजार वर्षांचा वारा-पाऊस. भक्तिभावाने फासलेले केशर, वाचता यावे म्हणून खडूने गिरवलेल्या रेषा, नारळाचे पाणी, यांपैकी काहीही त्या अक्षरांना पुसू शकते. शिवाय लोहगड केंद्र सरकारच्या पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून संरक्षित आहे. १९५८च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची नासधूस वा विद्रूपीकरण हा दंड व कारावासाचा गुन्हा ठरतो, मग ते श्रद्धेने केलेले का असेना.

ज्याला खर्चच करायचा आहे, त्याच्यासाठी कामे आहेत. लेखाचे ठसे व उत्तम छायाचित्रे संस्थांमध्ये जपून ठेवणे, ब्राह्मी शिकू इच्छिणाऱ्या मुलांना शुल्क देणे, वाडीतील तरुणांना वाटाड्याचे प्रशिक्षण मिळवून देणे, वाटेवरचा प्लास्टिकचा कचरा खाली आणणे. फलकावर नाव लागणार नाही. इंद्ररक्षिताने आपले नाव कोरून ठेवले खरे, पण सोबत पाण्याचे टाके दिले.

दुपारी तीनच्या आत गड उतरायला लागावे. हिवाळ्यात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. मळवलीच्या स्थानकावर लोकलची वाट पाहत डबा उघडला, तर चौविहार करणाऱ्यांचे जेवण सूर्यास्तापूर्वी निवांत आटोपते, आणि समोर विसापूरच्या तटावर शेवटचे ऊन असते.