हिमाने राखलेली ठेव

उत्तर ध्रुवाकडील समुद्रात क्वितोया नावाचे एक ओसाड बेट आहे. क्वितोया म्हणजे पांढरे बेट. त्याचा बहुतेक भाग बारमाही बर्फाखाली असल्यामुळे हे नाव त्याला शोभते. 1930 च्या ऑगस्ट महिन्यात नॉर्वेच्या एका जहाजावरील माणसे तेथे उतरली, तेव्हा त्यांना बर्फात रुतलेली एक होडी आणि मानवी देहांचे अवशेष आढळले. तेहतीस वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या तीन साहसी प्रवाशांचा तो अखेरचा मुक्काम होता.

सालोमन आंद्रे, निल्स स्ट्रिंडबर्ग आणि क्नूट फ्रँकेल हे ते तीन स्वीडिश प्रवासी. 11 जुलै 1897 रोजी हायड्रोजन वायूने भरलेल्या प्रचंड फुग्यात बसून ते उत्तर ध्रुवाकडे निघाले. तीनच दिवसांत फुगा बर्फावर उतरला. पुढे दोन महिन्यांहून अधिक काळ, कधी पायी तर कधी वाहत्या हिमखंडावर राहून, त्यांनी गोठलेल्या समुद्रावर प्रवास केला. शेवटी क्वितोयावर पोहोचल्यावर त्यांचा अंत झाला. या खडतर प्रवासातही स्ट्रिंडबर्ग छायाचित्रे घेत होते. 1930 मध्ये बेटाचा पुन्हा शोध घेतला गेला, तेव्हा त्या फिल्मही सापडल्या. पण इतक्या जुन्या फिल्ममध्ये चित्र उरले असेल काय?

हे समजण्यासाठी फिल्मची रचना पाहिली पाहिजे. फिल्म ही एक पातळ, पारदर्शक पट्टी असते. तिच्यावर जिलेटिनचा थर दिलेला असतो आणि त्या थरात चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. कॅमेऱ्याची झडप क्षणभर उघडली की प्रकाश या कणांवर पडतो. ज्या कणांवर पुरेसा प्रकाश पडतो, त्यांच्यात किंचित बदल होतो. परंतु तो डोळ्यांना दिसत नाही. पुढे अंधाऱ्या खोलीत फिल्म रसायनात बुडवली, म्हणजे त्या कणांची काळी चांदी बनते आणि दडलेले चित्र प्रकट होते. उरलेले कण दुसऱ्या रसायनाने काढून टाकतात.

मात्र हे कण स्वस्थ बसत नाहीत. अंधारात ठेवले तरी त्यांच्यात हळूहळू बदल होतच राहतो. मग रसायनात बुडवल्यावर प्रकाश न लागलेले कणही काळे पडतात आणि चित्रावर धुरकट पडदा पसरतो. शिवाय प्रकाश टिपण्याची कणांची शक्तीही मंदावते. रंगीत फिल्ममधील निरनिराळे थर सारख्याच वेगाने जुने होत नाहीत, म्हणून रंग बिघडतात. या कारणांमुळे कारखानदार फिल्मच्या डबीवर मुदतीची तारीख छापतात. ती तारीख उलटली की फिल्म एका रात्रीत निकामी होते, असे मात्र नाही. दूध उन्हाळ्यात लवकर नासते, हिवाळ्यात उशिरा; फिल्मचेही तसेच आहे. उष्णता हा तिचा पहिला शत्रू आणि ओलावा दुसरा. कोकणातल्या पावसाळ्यासारख्या दमट हवेत तर जिलेटिनवर बुरशीही चढते.

स्ट्रिंडबर्ग यांच्या फिल्मला ओलावा बाधला होता, पण थंडीने तिला तारले होते. स्टॉकहोम येथील तज्ज्ञ जॉन हर्ट्झबर्ग यांच्याकडे ती सोपवण्यात आली. काम मोठे जोखमीचे होते. एकदा रसायनात घातलेली फिल्म पुन्हा पहिल्यासारखी करता येत नाही. हर्ट्झबर्ग यांनी अत्यंत धीराने आणि कौशल्याने सुमारे 240 चित्रांपैकी 93 चित्रे वाचवली. त्यांतील एका चित्रात बर्फावर आडवा पडलेला फुगा आणि त्याच्याकडे पाहत उभे असलेले दोन प्रवासी दिसतात. तिसरा प्रवासी चित्रात नाही, कारण कॅमेरा त्याच्या हाती होता.

आज बहुतेक छायाचित्रे फिल्मवाचूनच घेतली जातात. तरी हौसेने फिल्म वापरणारे लोक आहेत, आणि घरातील जुन्या कपाटातून मुदत संपलेली एखादी डबी आजही हाती लागते. अशी फिल्म हवाबंद डब्यात घालून शीतकपाटात ठेवावी. वापरण्यापूर्वी ती बाहेर काढून, डबा न उघडता, काही तास राहू द्यावी. घाईने उघडल्यास हवेतील बाष्प थंड फिल्मवर दवासारखे जमते. जुनी फिल्म मंदावलेली असते, म्हणून तिला अधिक प्रकाश द्यावा लागतो. सामान्य हवेत राहिलेल्या फिल्मला मुदतीनंतरच्या दर दहा वर्षांमागे दुप्पट प्रकाश द्यावा, असा ढोबळ ठोकताळा छायाचित्रकार पाळतात. त्याप्रमाणे वीस वर्षांमागे चौपट प्रकाश लागेल. शीतकपाटात राहिलेल्या फिल्मला इतका प्रकाश लागत नाही. एकाच साठ्यातील अनेक फिल्म असतील, तर एक वापरून परीक्षा घ्यावी. पुन्हा न येणारा प्रसंग टिपण्यासाठी मात्र अशा फिल्मवर विसंबू नये.

जिच्यावर आधीच चित्रे घेतलेली आहेत, पण जी रसायनात धुतलेली नाही, अशी फिल्म सापडली तर अधिकच जपावे. ती उजेडात उलगडून पाहण्याचा मोह आवरावा आणि जाणकाराच्या हाती द्यावी. क्षणभराच्या कुतूहलाने त्यातील चित्रे कायमची नष्ट होतील. स्ट्रिंडबर्ग घरी परतले नाहीत. परंतु त्यांनी पाहिलेले जग तेहतीस वर्षांनी परतले. हिमाने ते राखले आणि एका सावध हाताने ते उजेडात आणले.